‘तुझी नेमकी भूमिका तरी काय?’

पत्र असं आहे:

‘आम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो, वाचलेल्या पुस्तकांवर आणि घडामोडींवर बोलतो. सध्या प्रत्येकानं आपली राजकीय भूमिका दहा मिनिटांत मांडायची असं ठरलं आहे. एक जण म्हणाला, मी समाजवादी. एक मैत्रीण म्हणाली, मी उदारमतवादी. तिसरा अभिमानानं स्वतःला परंपरावादी म्हणवतो. पुढची पाळी माझी. मला स्वतःसाठी एकही नाव सापडत नाही. आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च सरकारनं करावा असं मला वाटतं. पण धंदा सुरू करायला परवान्यांच्या रांगा नकोत असंही वाटतं. घरातल्या गोष्टींत सरकारनं लक्ष घालू नये असं वाटतं, आणि घरात एखादीवर अत्याचार होत असेल तर कायद्यानं दार ठोठवावं असंही वाटतं. फाशीबद्दलचं माझं मत दर दोन-चार वर्षांनी बदलतं. दोन ऑनलाइन चाचण्या केल्या. एकीनं मला मध्याच्या डावीकडे बसवलं, दुसरीनं उजवीकडे. हे ऐकून एक मित्र म्हणाला, “म्हणजे तू कुंपणावर बसली आहेस, तुला भूमिकाच नाही.” ते मनाला लागलं. मी एखादी विचारसरणी निवडून टाकावी का? आणि माझा भाऊ फार ठाम मतांचा आहे. मी काही निवडलं आणि ते त्याच्या विरुद्ध निघालं, तर आमचं बोलणं तुटेल अशी भीती वाटते.’

स. न.

बैठकीपर्यंत एखादी विचारसरणी निवडून टाकू नका. घाईनं घेतलेलं नाव पुढं सांभाळत बसावं लागतं, आणि ते सांभाळता सांभाळता आपल्याला न पटणाऱ्या गोष्टींचीही वकिली करायची वेळ येते.

तुमच्या मित्राचं बोलणं अर्धं चूक आहे. तुमची मतं वेगवेगळ्या गोटांतली दिसतात म्हणून तुम्हाला भूमिका नाही, हे काही खरं नाही. उरलेला अर्धा भाग मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ‘माझी मतं संमिश्र आहेत’ एवढं सांगून तुम्ही खाली बसलात, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. तुमच्या पत्रात चार मतं आहेत. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. एकाही मतापाठोपाठ ‘कारण’ असं आलेलं नाही. मत आहे, ते का आहे याचा पत्ता नाही. तुमची अडचण तिथं आहे, नाव न सापडण्यात नाही.

आधी गोंधळाच्या आरोपाचं बघू. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९५६च्या निवडणुकीच्या वेळी घेतलेल्या मुलाखती तपासल्या आणि १९६४मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षांत आणि उमेदवारांत तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही, हे लोकांनी आपल्या शब्दांत सांगितलेलं होतं. त्या बोलण्यामागं खऱ्या अर्थानं एखाद्या विचारसरणीची चौकट दिसते, असे लोक शंभरात अडीच निघाले. तिच्या आसपास पोचणारे आणखी नऊ. सगळ्यात मोठा गट, शंभरातले बेचाळीस, कोणता पक्ष आपल्यासारख्यांचं भलं करतो या हिशेबानं बोलत होता. त्याच माणसांना १९५८ आणि १९६०मध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा पुष्कळांची उत्तरं बदललेली होती, आणि त्या बदलाला काही दिशाही दिसत नव्हती. सामान्य मतदाराला राजकारणाची सुसंगत दृष्टी नसते, असा निराश निष्कर्ष कॉन्व्हर्स यांनी काढला. मला तो पुरता पटत नाही. आपल्या गरजेवरून पक्षाची पारख करणारा माणूस अडाणी असतो असं मी मानत नाही. पण तुमच्यापुरतं एवढं लक्षात घ्या, की एकाच चौकटीत सगळी मतं नेमकी बसवणारी माणसं कायमच थोडी असतात.

आणि ज्यांच्या नावावर या चौकटी चालतात त्यांची मतं तरी कुठे एका रांगेत उभी होती? जॉन स्टुअर्ट मिल हा उदारमतवादाचा मोठा आधार. व्यक्तिस्वातंत्र्यावरचा त्याचा निबंध १८५९चा. १८६७मध्ये ब्रिटिश संसदेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी दुरुस्ती त्यानंच मांडली. त्याच मिलनं पुढच्याच वर्षी, १८६८मध्ये, त्याच सभागृहात फाशीची शिक्षा कायम ठेवण्याच्या बाजूनं भाषण केलं. आयुष्याच्या उत्तरार्धात तो कामगारांच्या मालकीच्या सहकारी उद्योगांकडे झुकला आणि आपल्या आत्मचरित्रात त्यानं स्वतःला समाजवाद्यांत मोजलं. एडमंड बर्कला आधुनिक परंपरावादाचा जनक मानतात, ते १७९०मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर त्यानं केलेल्या टीकेमुळे. पण १७७५मध्ये अमेरिकी वसाहतींशी समेट करा म्हणून संसदेत भांडणारा तोच होता, आणि हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी वर्षानुवर्षं झटणाराही तोच. मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते फ्रीडरिक हायेक यांनी १९४४मध्ये लिहून ठेवलं आहे, की संपन्न झालेल्या समाजानं प्रत्येकाला अन्न, वस्त्र, निवाऱ्याची किमान हमी द्यायला काही हरकत नाही. आजारपण आणि अपघात यांच्यासाठी सामाजिक विमा उभारायला सरकारनं हातभार लावावा, हेही त्यांना मान्य होतं. पुढं १९६०मध्ये ‘मी परंपरावादी का नाही’ हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं.

या तिघांना कुणी कुंपणावरचे म्हणत नाही. तिघांनीही आपण एका प्रश्नावर इकडे आणि दुसऱ्यावर तिकडे का आहोत हे सांगितलं. त्यांच्या कारणांमध्ये धागा होता. बर्कचंच घ्या. अमेरिका असो, फ्रान्स असो की हिंदुस्थान, बेलगाम सत्तेनं पिढ्यान्‌पिढ्यांची घडी मोडावी, हे त्याला सोसत नव्हतं. सत्ता कधी राजाची असेल, कधी कंपनीच्या अधिकाऱ्याची, कधी क्रांतिकारकांची. वरवर पाहता तो बाजू बदलत होता. आतून बघितलं तर तो एकाच जागी उभा होता.

नावं निरुपयोगी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘मी कुठलाच वाद मानत नाही, मी फक्त माणुसकी मानतो’ असं म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. माणुसकी सगळेच मानतात. ती कुणाच्या पैशानं, कुणाच्या हुकमानं आणि आधी कुणाच्या वाट्याला यायची, यावर भांडण असतं. तुमचा समाजवादी मित्र ते नाव घेतो तेव्हा त्याबरोबर मोठे लढे येतात आणि त्या नावानं झालेले अत्याचारही येतात. त्या सगळ्याला उत्तर द्यायची तयारी ठेवून तो नाव घेत असेल, तर त्याचा आदर करायला हवा. डाव्या-उजव्याची वाटणीही अशीच एका खऱ्या भांडणातून आली. १७८९मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर वाद चालला, तेव्हा राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि विरोधक डाव्या हाताला. तिथं समोर एक प्रश्न होता, म्हणून दोन बाजू पुरल्या. तुमच्यासमोर चार प्रश्न आहेत, आणि चारही प्रश्नांची जात वेगळी आहे.

चाचण्यांचंही हेच. माणूस एका रेषेवर मावत नाही हे जाणून मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९५०च्या दशकात दोन रेषा वापरल्या. डेव्हिड नोलन या अमेरिकी माणसाचा तक्ता १९७१मध्ये छापून आला. त्यात एका रेषेवर आर्थिक स्वातंत्र्य होतं, दुसऱ्या रेषेवर वैयक्तिक स्वातंत्र्य. दोन्ही पुरेपूर हवंय असं म्हणणारा त्या तक्त्यात सगळ्यात वरच्या टोकाला जातो. हाच नोलन त्याच वर्षी, सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा म्हणणाऱ्या, अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाला. तक्ता काढणाऱ्याचंही राजकारण असतं, आणि वर काय ठेवायचं, खाली काय, हे तोच ठरवतो. त्यामुळं दोन चाचण्यांनी तुम्हाला दोन ठिकाणी बसवलं याचं मनाला लावून घेऊ नका. शिवाय अशा चाचण्यांत विधानं असतात आणि समोर ‘सहमत’, ‘असहमत’ असे पर्याय. ‘गरिबांना मदत मिळावी’, सहमत. ‘कर कमी असावेत’, सहमत. दोन्ही एकदम मिळत नसेल तर काय सोडाल, हे कुणी विचारत नाही. राजकीय मत तर नेमकं तिथूनच सुरू होतं.

ही गोष्ट पुन्हा सांगते, कारण या पत्राला माझं खरं उत्तर तेच आहे. आपलं मत सांगताना त्याची किंमत सांगा. या मतासाठी मी काय सोडायला तयार आहे, आणि ते सोडण्याचा त्रास कुणाला होणार आहे, हे सांगा. ते सांगितलंत की तुमची भूमिका ऐकणाऱ्याला दिसायला लागेल, मग नाव असो वा नसो.

‘फक्त कारणं सांगितली तर चालणार नाही का?’ असं तुम्ही विचाराल. कारणं हवीतच, पण एकट्या कारणांवर माझा भरवसा नाही, आणि त्याला आधार आहे. स्वीडनमध्ये २०१०च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी लुंड विद्यापीठातल्या लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दोन प्रतिस्पर्धी आघाड्यांत ज्या मुद्द्यांवर मतभेद होते, त्यांवर मतदारांकडून कागदावर उत्तरं भरून घेतली. मग हातचलाखीनं त्यातली काही उत्तरं दुसऱ्या बाजूची करून तोच कागद परत हातात दिला आणि ‘असं का वाटतं ते सांगा’ म्हटलं. बदललेल्या उत्तरांपैकी जेमतेम बावीस टक्के ओळखली गेली. उरलेल्या उत्तरांना लोकांनी आपलीच समजून कारणं दिली. बदललेल्या उत्तरांवरून काढलेला एकूण निष्कर्ष तर शंभरातल्या ब्याण्णव जणांनी आपला म्हणून मान्य केला. २०१३मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो वाचून लोकांना नावं ठेवावीत असं मला वाटलं नाही. आपण कुणीही त्या जागी तेच केलं असतं. कारण मागून जोडता येतं. किंमत तशी सहज जोडता येत नाही, कारण ती मोजायला लागलं की आपलं नुकसान समोर दिसतं.

आता तुमची चार मतं घेऊन बसू.

उपचाराचा खर्च सरकारनं करावा. का? जर्मनीत सक्तीचा आरोग्य विमा १८८३मध्ये तिथला चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क यानं आणला. हा बिस्मार्क राजनिष्ठ, परंपरावादी, आणि १८७८मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा करणारा. कामगारांनी समाजवाद्यांच्या मागं जाऊ नये, राज्याशी बांधलेलं राहावं, हा त्याचा हेतू होता. ब्रिटनमध्ये १९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारनं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली ती वेगळ्या भावनेनं: पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि हायेकचा किमान आधार तुम्ही वर वाचलाच. एकच मत, तीन वेगळी घरं. तुमचं घर यातलं कुठलं, हे तुम्हाला एका प्रश्नावरून कळेल: सरकारी खर्चानं सगळ्यांना उपचार मिळत असताना, ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्यानं ते मोजून आपला नंबर आधी लावून घ्यावा का? ‘घेऊ दे, इतरांना मिळतंय ना’ असं वाटलं, तर तुम्हाला प्रत्येकाच्या पायाखाली जमीन हवी आहे. ‘नाही, आजारपणात सगळे सारखे’ असं वाटलं, तर तुम्हाला समता हवी आहे, आणि त्यासाठी श्रीमंताचं स्वातंत्र्य कमी करायला तुम्ही तयार आहात. ही दोन उत्तरं दोन वेगळ्या राजकारणांची आहेत. पहिल्या उत्तराची किंमत अशी, की पैसेवाले वेगळ्या दारानं जायला लागले की सामान्यांच्या दाराची डागडुजी करण्यात त्यांना रस उरत नाही. दुसऱ्याची किंमत अशी, की उद्या तुमच्याच आईचं ऑपरेशन असेल आणि हाताशी पैसे असतील, तरी तुम्हाला रांगेत थांबावं लागेल. दोन्ही मान्य असणारे प्रामाणिक लोक जगात आहेत. तुम्ही कुठे आहात ते लिहा.

परवान्यांबद्दल थोडक्यात. ‘परवाने नकोत’ असं सरसकट सांगू नका, कोणता परवाना ते सांगा. काही परवाने धंद्यात आधीपासून असलेल्यांना नव्या स्पर्धकापासून वाचवतात. काही परवाने कामगाराला आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आगीपासून, विषापासून, कोसळणाऱ्या भिंतीपासून वाचवतात. पहिले काढून टाकले तर जुन्या धंदेवाल्याचं नुकसान होतं. दुसरे काढले तर ज्याचा त्या धंद्याशी काही संबंध नाही त्याच्या जिवावर बेततं. हा फरक केलात की तुमचं पहिलं आणि दुसरं मत एकमेकांच्या अंगावर येत नाही. दोन्हीकडे तुम्ही दुबळ्याच्या बाजूनं बोलत असाल. किंवा कदाचित नसालही. तपासून बघा.

तिसऱ्या मतावर मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण तुम्हाला ती विसंगती वाटते आणि मला तुमच्या पत्रातली सगळ्यात स्पष्ट भूमिका तिथं दिसते. घरात सरकार नको, पण घरात अत्याचार होत असेल तर कायदा हवा. या दोन वाक्यांत तुम्ही घराला शेवटचं एकक मानलेलं नाही, माणसाला मानलं आहे. घरानं काय खावं, कुणाची पूजा करावी, मुलांना कुठली भाषा शिकवावी, हे बाहेरच्यानं सांगू नये, कारण घरातली माणसं आपापल्या मर्जीनं ते ठरवतायत असं तुम्ही धरून चालता. ज्या क्षणी एकाची मर्जी दुसऱ्याच्या अंगावर मार होऊन पडते, त्या क्षणी ते घर तुमच्या लेखी ‘खासगी’ राहत नाही. परंपरावादी मित्राला हे कदाचित पटणार नाही. त्याच्यासाठी कुटुंब हीच मूळ वस्तू असते. कुटुंब टिकलं तर माणूस टिकतो, आणि पोलीस एकदा उंबऱ्याच्या आत आले की ते घर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, हा त्याचा अनुभव असू शकतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तुमच्या मताची किंमत तीच आहे: काही घरं मोडतील, काही खोट्या तक्रारीही होतील, आणि तरीही तुम्हाला कायदा हवा आहे. इतकं तुम्ही स्वच्छ म्हणू शकलात, तर तुम्हाला भूमिका नाही असं कुणी म्हणू धजणार नाही.

अवघड जागा याच्या पुढं येते. मार दिसतो, पण मुलीचं शिक्षण थांबवणं, तिच्या कमाईवर दुसऱ्यानं हात ठेवणं, तिला कुणाशी बोलू न देणं, हे अत्याचार की घरातली गोष्ट? कायद्यानं कुठल्या पायरीवर दार ठोठवायचं? ही रेघ तुम्हाला स्वतः ओढावी लागेल. तुमच्या दहा मिनिटांतली पाच मी या एकाच रेघेला दिली असती.

फाशी. तुमचं मत बदलतं, त्यात लाज कसली? ते कशानं बदलतं ते शोधा. या एका मतात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. फाशीच्या धाकानं खून कमी होतात का, ही जगाबद्दलची गोष्ट आहे, ती अभ्यासानं कळायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०१२मध्ये आधीचे अभ्यास तपासून सांगितलं, की त्यांच्यावरून धाक बसतो असंही म्हणता येत नाही आणि बसत नाही असंही म्हणता येत नाही, धोरण ठरवायला ते वापरू नयेत. मग उरते दुसरी गोष्ट: काही गुन्ह्यांना मरणाखेरीज दुसरी शिक्षा न्याय्यच नाही असं तुम्हाला वाटतं का, आणि चुकून निर्दोष माणूस फासावर गेला तर त्या चुकीचं ओझं तुम्ही आपल्या अंगावर घ्याल का? इथं आकडे मदतीला येणार नाहीत. एखादा भयंकर गुन्हा घडला की तुमचं मत एकीकडे जातं आणि चुकीच्या शिक्षेची बातमी आली की दुसरीकडे, असं होत असेल तर बैठकीत तसंच सांगा. ‘माझं ठरलेलं नाही, मी या दोन गोष्टींमध्ये ओढली जाते आहे’ हे पूर्ण विधान आहे.

प्रत्येक मतावर आणखी एक काम करा. ते प्रत्यक्षात कसं चालेल हे पायरीपायरीनं लिहा: पैसा कुठून येईल, कोण गोळा करेल, कोण वाटेल, चुकारपणा कोण पकडेल. फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एखादं धोरण नेमकं कसं काम करतं हे समजावायला सांगितलं, तेव्हा आपल्याला वाटत होतं तेवढं आपल्याला कळत नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि त्यांची टोकाची मतं थोडी मवाळ झाली. नुसती कारणं द्यायला सांगितली, तेव्हा तसं झालं नाही. मतं मवाळ व्हावीत म्हणून मी हे सुचवत नाही. हे करूनही तुमचं मत तितकंच ठाम राहिलं, तर ते ठामपण तुम्ही कमावलेलं असेल.

आणि मग विचारा, माझं हे मत कुणापर्यंत जाऊन थांबतं? मिलकडे मी पुन्हा येते, कारण इथं तो दुखतो. व्यक्तीचं स्वातंत्र्य इतक्या सुंदर तर्कानं मांडणारा हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १८२३पासून १८५८पर्यंत होता. आपलं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्यावर सुधारणेसाठी हुकूमशाही चालेल, असं त्यानं त्याच निबंधात लिहिलं. ‘प्रत्येक व्यक्ती’ म्हणताना त्याच्या मनात आपले पणजोबा नव्हते. उलट बाजूला, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला, की राजकारणात एक माणूस एक मत हे तत्त्व आपण स्वीकारतो आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच आहे. मताधिकारापर्यंत येऊन थांबलेली समता त्यांना पुरेशी वाटत नव्हती. तुमचं ‘उपचार सगळ्यांना’ यातल्या ‘सगळ्यांना’मध्ये परक्या देशातून आलेला मजूर येतो का? तुरुंगातला कैदी येतो का? ज्याच्या मतांची तुम्हाला चीड येते तो येतो का? कागदावर लिहा. इथं हात अडखळतो, मला ठाऊक आहे. पण भूमिका म्हणायची ती इथंच उघडी पडते.

आता भावाबद्दल. तुम्ही कुणाला मत देता हे त्याला सांगायला तुम्ही बांधील नाही. मतदान गुप्त ठेवण्याची पद्धत १८५६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत सुरू झाली आणि ब्रिटननं ती १८७२मध्ये घेतली, ती मालक आणि जमीनदार यांच्या दबावापासून मतदाराला सोडवण्यासाठीच. विचार सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही भावाशी करावी असं मला मनापासून वाटतं. पण नावं घेऊन नाही. तो एक नाव घेईल, तुम्ही दुसरं घ्याल, आणि मग दोघं आपापल्या बाजूच्या प्रत्येक पुढाऱ्याचं प्रत्येक कृत्य अंगावर घेऊन भांडाल. मतं बदलतात, हेही त्याला आणि स्वतःलाही मोकळेपणानं मान्य करू द्या. मानवेंद्रनाथ रॉय सशस्त्र क्रांतिकारक होते, मग कम्युनिस्ट झाले, पुढं तेही सोडून नवमानवतावाद मांडला आणि १९४८मध्ये स्वतःचा पक्ष विसर्जित केला. प्रत्येक टप्प्यावर जवळची माणसं दुरावली, काही टिकलीही. जी टिकली त्यांना रॉय बदलतायत ते का बदलतायत हे माहीत होतं. भावाला तुमचं ‘का’ आधी कळू दे.

बैठकीसाठी तुमच्याच पत्रावरून एक कच्चा मसुदा करून देते. शब्द तुमचे घाला.

‘मी कुठलं नाव घेत नाही, पण मी कुठे उभी आहे ते सांगते. माझ्यासाठी राजकारणाचं एकक माणूस आहे. कुटुंब, बाजार आणि सरकार यांना मी त्याच्यावरून मोजते. म्हणून उपचार सरकारी खर्चानं व्हावेत असं मला वाटतं आणि त्यासाठी जास्त कर द्यायची माझी तयारी आहे. जास्त पैसे मोजून नंबर आधी लावू द्यावा का, यावर माझं उत्तर असं आहे... धंद्यात शिरणाऱ्याला अडवणारे परवाने जावेत, तिसऱ्या माणसाचा जीव वाचवणारे राहावेत. घरात काय चालतं ते घरानं ठरवावं, पण तिथल्या एकाही माणसावर जबरदस्ती झाली तर कायद्यानं आत यावं. त्यानं काही घरं मोडतील हे मला माहीत आहे. ही जबरदस्ती कुठून सुरू होते, याबद्दल माझी रेघ अशी आहे... फाशीबद्दल माझं ठरलेलं नाही, आणि मला कुठे ओढ लागते ते हे...’

तीन ठिकाणी जागा मोकळी सोडली आहे. ती मला भरता येणार नाही. बैठकीत कुणी म्हणालं, ‘म्हणजे तू समाजवादीच’ किंवा ‘म्हणजे तू उदारमतवादीच’, तर वाद घालू नका. त्यांना तसं म्हणू द्या आणि विचारा, तुमच्या मते मी कुठे चुकते आहे? कुंपणावरची म्हणणाऱ्या मित्रालाही त्याच्या भूमिकेची किंमत विचारा, प्रेमानं विचारा. आणि भावाकडे हा मसुदा घेऊन जाण्याआधी त्याला एकच गोष्ट सांगायला लावा: त्याच्या सगळ्यात ठाम मतासाठी तो स्वतः काय सोडायला तयार आहे. तो बोलेल तेव्हा मध्ये तोडू नका, त्याचं संपल्यावर मग तुमचं वाचा.